हुकूम सोडण्याआधी: पुतणीला कानमंत्र

पोरी, आपल्या धर्मापुरीची लेक पुण्यात बसून आयबीएम मेनफ्रेमचं ऑटोमेशन सांभाळणार, याचा मला फार अभिमान वाटतो. माझी सगळी नोकरी याच यंत्रांपाशी गेली. आमच्या वेळी एलपार, म्हणजे मेनफ्रेमचा एक स्वतंत्र विभाग, चालू करायचा किंवा आयपीएल करायचं, म्हणजे त्यावर प्रणाली सुरू करायची, तर एचएमसीच्या, म्हणजे हार्डवेअर मॅनेजमेंट कन्सोलच्या, पडद्यासमोर माणूस बसायचा. आता बीसीपीआयआय आहे. त्यामुळे झेड/ओएस या मेनफ्रेमच्या प्रणालीतला प्रोग्रॅमच यंत्राच्या सपोर्ट एलिमेंटमार्फत हार्डवेअरला हुकूम देतो. 2009 च्या झेड/ओएस 1.11 पासून ही सोय मूळ प्रणालीतच मिळते. हुकूम सोपा झाला, म्हणून जबाबदारी वाढली. एवढं गाठीशी बांध.

आधी विचारपूस, मग हुकूम. टेस्ट आणि प्रॉडक्शनच्या एलपारच्या नावांत कधीकधी एकाच अक्षराचा फरक असतो. बीसीपीआयआयच्या एचडब्ल्यूआयक्वेरीने नाव आणि सध्याची स्थिती वाचून घे. दोन्ही जुळली तरच पुढचं पाऊल टाक.

हुकूम पोचला म्हणजे काम झालं नव्हे. आपल्या शेतात मोबाईल स्टार्टरने घरबसल्या मोटर चालू करतात. मेसेज येतो, पण पाइपाला पाणी आलं का ते बांधावर जाऊनच कळतं. इथंही तसंच. हुकूम सोडणाऱ्या एचडब्ल्यूआयसीएमडीने शून्य परत दिलं, तर हुकूम स्वीकारला एवढाच त्याचा अर्थ. काम पार पडलं की नाही, ते नंतर येणाऱ्या इव्हेंटमधून कळतं. म्हणून इव्हेंटसाठी नोंदणी आधी कर, हुकूम नंतर सोड. ठरल्या वेळेत इव्हेंट आला नाही, तर तोच हुकूम पुन्हा सोडू नकोस. स्थिती पुन्हा विचार.

सक्तीला सहज हात लावू नकोस. एलपार बंद करणाऱ्या डिअॅक्टिव्हेट हुकमाला फोर्सचा पर्याय असतो. आधी अॅप्लिकेशन, मग डेटाबेस, मग झेड/ओएस रीतसर बंद होऊ दे. फोर्स लावायचाच झाला, तर वरिष्ठांच्या लेखी होकारानंतर.

अधिकार मोजून दे. अधिकार सांभाळणाऱ्या रॅकएफच्या फॅसिलिटी क्लासमध्ये नुसतं बघणाऱ्याला रीड पुरतं. हुकूम देणाऱ्याला कंट्रोल लागतं. सगळ्यांना सरसकट कंट्रोल देऊ नकोस. आणि कनेक्शनच होत नसेल, तर प्रोग्रॅम चाळण्याआधी सपोर्ट एलिमेंटवरचं कम्युनिटी नेम आणि रॅकएफमधलं नाव अक्षरन् अक्षर ताडून बघ.

उसनी क्षमता तारखेनिशी लिहून ठेव. सीबीयूने, म्हणजे कपॅसिटी बॅकअपने, जादा प्रोसेसर चालू केलेस, तर चाचणीला 10 दिवस आणि खऱ्या आपत्तीत 90 दिवस मिळतात. चालू करणाऱ्या स्क्रिप्टसोबतच परत करणारी स्क्रिप्ट तयार ठेव.

हाताची सवय मोडू नकोस. ज्या झेड/ओएसवर तुझं ऑटोमेशन चालतं, तोच पडला तर त्याच्यातलं बीसीपीआयआयही गेलं. मग एचएमसीच कामाला येतो. म्हणून टेस्ट एलपारवर हाताने आयपीएल करण्याचा सराव ठेव, आणि तुझ्या पाळीतल्या नव्या मुलांकडूनही करवून घे.