राजीनामा घेतला, प्रकरण मिटलं?

शंका : नागपुरातल्या धंतोलीत आमचं छोटं रुग्णालय आहे. रात्रपाळीची एक स्टाफ नर्स फेंटानिलचे अँप्यूल बाहेर विकते, असं लक्षात आलं. मुलगी गरीब घरची, लग्न ठरलेलं. शिवाय बोभाटा झाला असता तर आमचंही नाव गेलं असतं. म्हणून राजीनामा घेतला, अनुभवाचा दाखला दिला आणि विषय संपवला. यात काही चुकलं का? (एक संचालक)

समाधान : चुकलं, आणि राजीनाम्यापेक्षा दाखल्यात जास्त चुकलं. धंतोली-रामदासपेठेत चार पावलांवर रुग्णालय आहे आणि आयसीयूचा अनुभव असलेली नर्स सगळ्यांनाच हवी असते. तुमचा कागद दाखवून ती पंधरा दिवसांत दुसरीकडे रुजू होईल. तिथल्या इन्चार्ज सिस्टरला दिसेल ते फक्त तुम्ही लिहिलेलं 'वर्तणूक समाधानकारक'. थोडक्यात, तुम्ही चोरी थांबवली नाही, तिचा पत्ता बदललात.

हे कुठवर जातं ते अमेरिकेत दिसलं. डेव्हिड क्वियात्कोव्स्की हा नर्स नव्हता, हृदयविभागातला तंत्रज्ञ होता. एका रुग्णालयात संशय आला की त्याला काढून टाकायचं आणि पुढच्याला काही कळवायचं नाही, असं होत गेलं आणि तो राज्याराज्यांतून फिरत राहिला. फेंटानिलची भरलेली सिरिंज उचलायची, स्वतःला टोचायची, तीच पुन्हा सलाइनने भरून जागेवर ठेवायची, ही त्याची रीत. त्याला हिपॅटायटिस सी होता. 2012 मध्ये न्यू हॅम्पशायरमधल्या एक्सेटर रुग्णालयात रुग्णांना लागण झाल्याचं उघड झालं आणि माग काढत चौकशी त्याच्यापर्यंत आली. 2013 मध्ये त्याला 39 वर्षांची शिक्षा झाली. सुरुवातीला संशय आलेल्या रुग्णालयाने वेळेवर तोंड उघडलं असतं, तर त्यातले कितीतरी रुग्ण वाचले असते.

तुमची नर्स 'फक्त विकत होती', असं तुम्ही म्हणाल. पण अँप्यूल येतात कुठून? बहुतेक वेळा रुग्णाच्या वाट्यातून. डॉक्टरांनी 50 मायक्रोग्रॅम लिहिलेलं असतं, दोन मिलीच्या अँप्यूलमध्ये 100 असतं. उरलेलं एक मिली कोणासमोर टाकलं, याची सही नसते. 'गरज पडल्यास द्या' असं लिहिलेला डोस कागदावर दिला जातो, शरीरात जात नाही. 'फुटलं' म्हणून नोंदवलेल्या अँप्यूलची काच कोणी पाहिलेली नसते. ऑपरेशननंतर कण्हत पडलेल्या माणसाच्या केसपेपरवर मात्र वेदनाशामक पूर्ण दिल्याची नोंद असते. माझ्या लेखी या गुन्ह्यातला खरा फिर्यादी तो रुग्ण आहे, आणि राजीनाम्याच्या व्यवहारात त्याला कोणी विचारतच नाही.

आता कायदा. मॉर्फिन, फेंटानिल, कोडीन, मेथाडोन, ऑक्सिकोडोन आणि हायड्रोकोडोन ही सहा औषधं एनडीपीएस (अमली पदार्थ) कायद्याच्या 2014 च्या दुरुस्तीनंतर 'अत्यावश्यक गुंगीकारक औषधं' ठरली. कॅन्सरच्या रुग्णाला मॉर्फिन मिळणं सोपं व्हावं, हा त्यामागचा चांगला हेतू. पण परवानगी सोपी झाली, हिशेब ठेवणं सुटलेलं नाही. याच कायद्याच्या कलम 26 नुसार परवानाधारकाने किंवा त्याच्या नोकराने हिशेब ठेवला नाही किंवा खोटा ठेवला, तर तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. म्हणजे नर्सचं प्रकरण झाकताना रजिस्टर जुळवून घेतलं असेल, तर आता अडचणीत तुम्ही आहात.

आजच्या आज साठा मोजा. इंडेंट, रजिस्टर आणि रुग्णांचे औषधपत्रक समोरासमोर ठेवून तफावत लिहून काढा. जुन्या नोंदींना हात लावू नका. तो अहवाल अन्न व औषध प्रशासनाला द्या आणि पोलिसांत तक्रार करा. नोकराने मालकाच्या मालाची चोरी केली तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 306 खाली सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. एनडीपीएसची कलमं वेगळी. महाराष्ट्र परिचारिका अधिनियम, 1966 नुसार गैरवर्तनाची चौकशी करून नोंदवहीतून नाव काढण्याचा अधिकार महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलला आहे, पण कौन्सिलकडे कोणी तक्रारच केली नाही तर तिथे कळणार कसं?

राहिली तिची गरिबी. दयेला जागा आहे, पण ती चौकशीनंतर, शिक्षा ठरवताना. चौकशीच टाळली तर दयाही अर्धवट होते. तुम्ही तिला आरोपपत्र दिलंत का? तिचं म्हणणं लेखी घेतलंत का? किल्ली आणखी कोणाकडे होती? पत्रावरून तसं काही दिसत नाही. उद्या ती म्हणाली, 'मी काहीच केलं नव्हतं, दबाव आणून सही घेतली', तर तुमच्या हाती दाखवायला काय आहे?

शंका : मी शासकीय रुग्णालयात परिसेविका आहे. महिनाअखेरच्या मोजणीत मॉर्फिनचे तीन अँप्यूल कमी भरले. कोणाच्या ड्युटीत गेले ते कळत नाही. वरून तोंडी सांगतात, 'सिस्टर, कुठूनही आणा आणि भरून टाका, गवगवा नको.' माझ्या कपाटाची किल्ली म्हणून माझ्यावरच येणार का? बाकीच्या मुलींच्या पर्स सिक्युरिटीकडून तपासून घेऊ का?

समाधान : सिस्टर, भरून देऊ नका. तुम्ही मॉर्फिन 'कुठूनही' आणलं, तर ते विनापरवाना बाळगणं झालं. आज हिशेबात त्रुटी आहे, उद्या तुमच्या हातून गुन्हा झालेला असेल. तोंडी सांगणारे साहेब तेव्हा 'मी असं बोललोच नाही' म्हणतील, हेही धरून चाला.

अधिसेविकांना आजच लेखी कळवा : कोणत्या तारखेला साठा बरोबर होता, कधी कमी आढळला, मधल्या पाळ्यांत किल्ली कोणाकोणाकडे होती. आवक क्रमांकासह पोच घ्या. रजिस्टरमध्ये चूक दुरुस्त करायची तर एक रेघ मारून सही करा. पांढरी शाई लावलेलं पान चौकशी अधिकारी आधी उघडतो.

भरपाईही तोंडी हुकमावर होत नाही. महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम, 1979 मध्ये निष्काळजीपणामुळे झालेलं नुकसान पगारातून वसूल करणं ही किरकोळ शिक्षाच आहे, आणि तीसुद्धा लेखी आरोप देऊन, तुमचं म्हणणं ऐकूनच देता येते. बडतर्फीसारख्या मोठ्या शिक्षेसाठी नियम 8 खाली पूर्ण विभागीय चौकशी लागते. त्यात कागद पाहण्याचा, साक्षीदाराची उलटतपासणी घेण्याचा तुम्हाला हक्क आहे. अटक होऊन 48 तासांपेक्षा जास्त कोठडी झाली, तर निलंबन आपोआप झालं असं धरलं जातं. फौजदारी खटला आणि विभागीय चौकशी एकाच वेळी चालू शकतात. खटल्यात संशयाचा फायदा मिळाला म्हणून चौकशीतूनही सुटका होतेच असं नाही. तिथे पुराव्याचा काटा हलका असतो.

पर्स तपासू नका. रुग्णालयाच्या सिक्युरिटीला तो अधिकार नाही, आणि पोलीस आले तरी बाईची झडती बाईनेच घ्यायची, असं एनडीपीएसचं कलम 50 सांगतं. पर्सपेक्षा औषधपत्रकं तपासा. एकाच पाळीत डोस जास्त लागतात आणि त्याच पाळीतले रुग्ण सकाळी जास्त दुखतं म्हणतात, असं दिसलं तर तिथे थांबा. मात्र रात्रपाळी मागून घेते म्हणून कोणावर बोट ठेवू नका. घरचं कर्ज फेडणाऱ्या मुलीही रात्रपाळी मागून घेतात.

यापुढे पाळी बदलताना जाणारी आणि येणारी अशा दोघींनी अँप्यूल हाताने मोजून सही करावी. 'रजिस्टरप्रमाणे बरोबर' असं न बघता लिहिणं बंद करा. ही सवय मोडायला मी कितीदा सांगितलं असेल. 'वेळ कुठे आहे सर' हेच उत्तर येतं. तीस रुग्णांमागे दोन नर्स ठेवणाऱ्यांनी ते उत्तर ऐकायला हवं, हेही खरं.

शंका : कोरोनात नागपुरात रेमडेसिव्हिर विकताना नर्स, वॉर्डबॉय पकडले गेले. त्यांना एनडीपीएस लागला होता का?

समाधान : नाही. रेमडेसिव्हिर हे विषाणूवरचं औषध, गुंगीचं नव्हे. एप्रिल 2021 मध्ये तुटवडा एवढा होता की उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाला शहरासाठी 10,000 कुप्या देण्याचा आदेश काढावा लागला. तेव्हाच्या प्रकरणांत अत्यावश्यक वस्तू कायदा, औषध किंमत नियंत्रण आदेश, औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा आणि चोरी-फसवणुकीची कलमं वापरली गेली. जिममधली पोरं टोचून घेतात त्या मेफेन्टरमिनचंही तसंच; ते नशेसाठी विकलं जात असलं तरी एनडीपीएसच्या यादीत नाही. ट्रामाडॉल मात्र 2018 पासून आहे. रुग्णाच्या उशाची कुपी काढून विकणाऱ्याला खातं कोणता नियम लावतं, याला या यादीशी देणंघेणं नाही. गैरवर्तन ते गैरवर्तन.

शंका : माझी मुलगी नर्स आहे. ती विकत नाही, पण वॉर्डातलं इंजेक्शन स्वतःच घेते. हातावरच्या खुणा मी पाहिल्या. पोलिसांत गेले तर तिचं आयुष्य संपेल. काय करू? (एक आई, कामठी)

समाधान : ताई, तिला आधी ड्युटीवरून बाजूला करा. आजारपणाची रजा टाकू द्या. हे रुग्णांसाठी आहे तितकंच तिच्यासाठी.

कायदा इथे तुम्हाला वाटतो तितका कठोर नाही. केवळ सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा आरोप असलेली व्यसनी व्यक्ती स्वतःहून सरकारमान्य ठिकाणी उपचाराला गेली आणि ते पूर्ण केले, तर एनडीपीएसचं कलम 64अ तिला खटल्यापासून संरक्षण देतं. पण अल्प प्रमाणाचा हिशेब फसवा आहे. मॉर्फिनसाठी ती मर्यादा 5 ग्रॅम. 15 मिलिग्रॅमचे अँप्यूल धरले तर तेवढं शुद्ध मॉर्फिन व्हायला तीनशेहून जास्त लागतील. पण हिरा सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये मिश्रणाचं एकूण वजन धरायला सांगितलं आहे. त्या मापाने एक मिलीचे पाच-सहा अँप्यूलही पुरतात. म्हणून घरात काही सापडलं तर स्वतः नेऊन देण्याआधी किंवा फेकण्याआधी फौजदारी वकिलाला विचारा. वॉर्डातून उचलल्याचा प्रश्न वेगळा आहे. त्यावर खात्याची कारवाई होऊ शकते. उपचार सुरू केल्याचा कागद तिथे शिक्षा कमी करायला उपयोगी पडतो.

फ्लोरिडा राज्याने 1983 पासून अशा नर्सना परवाना घालवण्याऐवजी देखरेखीखाली उपचार देऊन कामावर परत आणण्याची सोय केली. आपल्याकडे ती नाही. असायला हवी, असं माझं स्पष्ट मत आहे. तोवर नागपूरच्या मेडिकलमधला मनोविकृतीशास्त्र विभाग किंवा प्रादेशिक मनोरुग्णालय गाठा. लांब चालत असेल तर पुण्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र आहे.

आणि एक. या आठवड्यात तिला एकटी झोपू देऊ नका. श्वास फार मंद वाटला, ओठ निळसर दिसले, हलवूनही जागी झाली नाही, तर 108 ला फोन करा आणि इंजेक्शनचं नाव लपवू नका. कॅज्युअल्टीत नॅलॉक्सोन हा उतारा देतात, पण काय घेतलंय ते डॉक्टरांना कळलं तर वेळेवर देतील.