वूफर मधेच का झोपतो?

दिवाळीत बाळापूरला घरी गेलो तर बाबा म्हणाले, "तुझा वूफर बिघडला रे, विकून टाक." आजी आजारी, म्हणून आवाज अगदी हळू, आणि पिक्चर अर्ध्यावर आला की वूफर बंद!

मित्रांनो, बिघाड काहीच नव्हता. 'ऑटो'वरचा वूफर आत येणारा सिग्नल तपासत असतो. तो काही मिलिव्होल्टच्या खाली बराच वेळ राहिला, की ॲम्प्लिफायर स्टँडबायवर जातो. ही तपासणी बहुधा वूफरच्या व्हॉल्यूम नॉबच्या आधीच होते. म्हणून रिसीव्हरमधली सबवूफर लेव्हल ६ डेसिबलने वाढवली, म्हणजे व्होल्टेज दुप्पट झालं. आणि वूफरचा नॉब तेवढाच खाली घेतला. आवाज तोच, पण सर्किट जागं!

उलट वूफर कधीच बंद होत नसेल, तर केबलमध्ये ५० हर्ट्झचा हम शिरलाय का ते बघा. विकायच्या आधी तपासा, एवढंच.