पहिला धोंड्याचा महिना

अगं, धोंड्याच्या महिन्याने कुणी इतकं घाबरतं का? सासूबाई नुसतं म्हणाल्या, "यंदा पहिलाच धोंडा आहे, बघू माहेरचे काय करतात," आणि तुझी झोप उडाली. बोलल्या असतील सहज, किंवा नसतीलही सहज. दोन्ही धरून चालू आणि शांतपणे बघू.

आधी ते 'मलमास' प्रकरण डोक्यातून काढ. या महिन्यात अशुभ काही नाही, हा पंचांगाचा हिशेब आहे. चांद्रवर्ष साधारण 354 दिवसांचं, सौरवर्ष 365चं. दरसाल अकराएक दिवस मागे पडतात. तसंच चालू दिलं तर एखाद्या वर्षी दिवाळी भर पावसात येईल. म्हणून ज्या चांद्रमासात सूर्य रास बदलत नाही, म्हणजे संक्रांतच पडत नाही, तो अधिक धरायचा. साधारण 32-33 महिन्यांनी एक, 19 वर्षांत 7. आणि 19 वर्षांनी गाडी पुन्हा बहुतेक तिथेच येते. 2007 साली अधिक ज्येष्ठ 17 मे ते 15 जून होता, 2026 सालीही त्याच तारखा. 2007 साली तू एवढीशी होतीस. आत्याच्या यजमानांच्या वाणातला अनारसा पळवून माजघरात खात बसली होतीस, आठवतं?

संक्रांत नाही म्हणून या महिन्याला कुणी देव वाली व्हायला तयार नव्हता, मग विष्णूने त्याला पदरात घेऊन स्वतःचं पुरुषोत्तम हे नाव दिलं, अशी कथा आहे. मला ती फार आवडते. लग्न, मुंज, वास्तुशांत यांना या महिन्यात सुट्टी. वटपौर्णिमाही निज ज्येष्ठात करायची, अधिकात नाही. रोज देवापाशी दिवा लावावा, जमेल ती पोथी वाचावी, दोन्ही एकादश्या कराव्यात, कुणाला तरी पोटभर जेवू घालावं. नोकरी सांभाळून यातलं जे होईल तेवढं कर. महिनाभर एकभुक्त राहायचा हट्ट मात्र धरू नकोस, मे महिन्याचं ऊन आहे ते.

आता खरं दुखणं, जावयाचं वाण. लेक-जावई म्हणजे लक्ष्मीनारायण, त्यांना बोलवायचं, पुरणाचे धोंडे करायचे, तांब्याच्या ताटात 33 अनारसे आणि वर दिवा ठेवून द्यायचं. 33 का, तर कुणी महिन्यांचा हिशेब सांगतं, कुणी देवांचा: 8 वसू, 11 रुद्र, 12 आदित्य आणि आणखी दोन. अनारसे नाही जमले तर बत्तासे चालतात, म्हैसूरपाक चालतो. जाळीदार काहीतरी हवं, एवढंच. चांदीचं ताट, अंगठी, गाडीचा हप्ता हे कुठल्याही पोथीत नाही. ते सराफांच्या जाहिरातींत आहे, आणि 'आमच्या धाकट्याला सासरहून काय आलं' या गच्चीवरच्या गप्पांत. दान द्यायचं ते देणाऱ्याच्या ऐपतीने आणि मनाने. घेणाऱ्याने यादी दिली की ते दान उरत नाही. 1961च्या हुंडाबंदी कायद्यातसुद्धा लग्नाआधी, लग्नात किंवा लग्नानंतर केव्हाही लग्नासंबंधाने दिलेलं ते हुंडाच, असं म्हटलंय. हे सासूबाईंना ऐकवायला जाऊ नकोस गं, तुझ्या माहितीसाठी सांगितलं.

तू बोलायचंस ते नवऱ्याशी, आणि आईने खरेदी करायच्या आत. भांडणाच्या सुरात नको. सरळ सांग, "बाबा निवृत्त झालेत, आईने हौसेने कर्ज काढलेलं मला चालणार नाही. तुम्हीच तिला फोन करून सांगा, की मला अनारसे आणि आमरस हवाय, बाकी काही आणलंत तर मी घेणार नाही." जावई स्वतः बोलला की आई ऐकते. तू बोललीस तर म्हणेल, पोरीला सासरी ऐकून घ्यावं लागतंय म्हणून लपवतेय. आईला मी पण ओळखते! सासूबाईंनाही त्यालाच सांगू दे, त्याची आई आहे.

अनारशांचं मात्र आईवर सगळं टाकू नकोस, शनिवारी जाऊन हाताशी राहा. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, पाणी रोज बदलायचं, या उन्हात तर दोनदा बदललंस तरी हरकत नाही, नाहीतर आंबूस वास राहतो. मग सावलीत फडक्यावर पसरायचे आणि किंचित दमट असतानाच दळायचे. पिठात गूळ कालवून गोळा डब्यात मुरू द्यायचा. मूठभर कोरडं पीठ बाजूला ठेव, ते विसरू नकोस. कारण पहिला अनारसा तुपात सोडलास आणि तो हसला, म्हणजे फुटून पसरला, की तेच थोडं गोळ्यात मळून वाचवता येतं. खसखशीवर थापायचा, खसखशीची बाजू वर ठेवून मंद आचेवर सोडायचा, उलटायचा नाही, झाऱ्याने वरून तूप उडवत राहायचं. गॅस मोठा केलास की जाळी पडायच्या आत करपतो. धोंडे त्या मानाने सोपे. कणकेच्या पारीत पुरण भरून वाफवायचे. वर साजूक तूप घालताना हात आखडू नकोस.

आणि एक, जे कुणी आवर्जून सांगत नाही. या महिन्यात लेकीने आईची ओटी भरायची असते. खण, नारळ, जमलं तर साडी. जावयाच्या ताटापुढे ही गोष्ट झाकून जाते, आणि मला विचारशील तर अख्ख्या महिन्यातलं सगळ्यात गोड काम तेच. साडी सुतीच घे, तिला रेशमी आता जड होते. तुझ्या पगारातून घे.

तुझं सासर माजलगावच्या बाजूचं, तर पुरुषोत्तमपुरी तुम्हाला जवळ. गोदावरीकाठी पुरुषोत्तमाचं जुनं देऊळ आहे, रामदेवराय यादवाचा 1310 सालचा ताम्रपट त्याच गावात सापडला. धोंड्याच्या महिन्यात तिथे मोठी जत्रा भरते. सासूबाईंना घेऊन जा. रविवार टाळ, रांग उन्हात असते. पहाटेच निघा, पाण्याच्या बाटल्या घ्या. प्रवासात त्या मोकळ्या झाल्या की त्यांच्या पहिल्या धोंड्याला त्यांच्या माहेरून काय आलं होतं, ते विचार. मला नंतर सांग, मलाही ऐकायचंय.

पण त्याआधी आज रात्री नवऱ्याशी बोल. आई सोमवारी सराफाकडे जाणार आहे, मला कालच म्हणाली.