ताटाचें बळ कशांत आहे?

रब्बी ज्वारीचें पीक आडवें झालें म्हणजे आपण वाऱ्यास दोष देतों. त्याच वाऱ्यांत शेजारच्या शेतांतील ताटें उभीं कां राहिलीं, याचा विचार मात्र क्वचितच करतों. महसूल खात्यांत कारकून असतां पीकपाहणीच्या वेळीं आम्हीही पुरुषभर वाढलेल्या हिरव्यागार पिकालाच सबळ समजत असूं. तो आमचा भ्रम होता. उंची निराळी आणि बळ निराळें.

वनस्पतीला हाडें नसतात. तिचें शरीर सूक्ष्म पेशींचें बनलेलें असून त्यास दोन प्रकारांनीं ताठपणा येतो. पहिला पाण्याचा. पाणी भरलें म्हणजे पेशी भरल्या पखालीप्रमाणें ताठ होतात. कपाशीचीं पानें दुपारीं माना टाकतात व सायंकाळीं पुन्हां सावरतात, तो या पाण्याचाच खेळ होय. दुसरा ताठपणा आधार देणाऱ्या पेशीजालांचा. कपाशी, तूर यांच्या कोवळ्या देठांत कांहीं पेशींचे कोपरे जाड होतात. त्या जिवंत व लवचिक असल्यामुळें देठ वाकतो, पण मोडत नाहीं. जून भागांत पेशींच्या भिंती जाड होऊन त्यांत लिग्निन नांवाचें कठीण द्रव्य सांठतें. अशा बहुतेक पेशी पुढें मरतात, परंतु त्यांच्या भिंती झाडाला शेवटपर्यंत आधार देतात. अंबाडी पाण्यांत कुजवून दोरखंडासाठीं जो वाख काढतात, तो अशाच आधारपेशींचा जुडगा होय. तुराटी वाळल्यावरही ताठ राहते, तीही अशाच भिंतींमुळें.

आतां ज्वारीचें एक पक्व ताट विळ्यानें आडवें कापून पाहावें. मध्यें मऊ गर व बाहेरच्या अंगास दाट ठिपक्यांची कठीण कड दिसेल. ते ठिपके म्हणजे पाणी व अन्न वाहणाऱ्या नळ्यांचे जुडगे; त्यांभोंवतीं कठीण पेशींचें वेष्टण असतें. वाकणाऱ्या वस्तूच्या बाहेरच्या कडेवर सर्वांत अधिक ताण पडतो; म्हणून तेथें बळ एकवटलेलें असणें हिताचें. पोकळ वेळू वाऱ्यांत टिकतो, तो याच कारणानें.

ही कड भरण्यास ऊन, पालाश व वेळ लागतो. पेरणी दाट झाली म्हणजे ताटें उजेडासाठीं उंच धांवतात व पेरें लांब आणि बारीक होतात. त्यांत नत्र प्रमाणाबाहेर पडलें, तर हिरवेपणा वाढतो, पण कड पातळ राहते. अशा पिकाची ओल फुलोऱ्यानंतर तुटली कीं खडखड्या रोगाची बुरशी बळावते. ती आंतला गर नासविते. ताट चिरलें असतां सुटे धागे व त्यांवर बारीक काळे कण दिसतात. मग अर्धवट भरलेल्या कणसासह ताट बुंध्याशीं कोलमडतें. दाणा बारीक राहतो आणि कडब्याचाही कस जातो.

मालदांडीसारखे उंच वाण कडब्यासाठीं आपणांस प्रिय आहेत. त्यांना तर ही कड अधिकच हवी. म्हणून मंठा, परतूर, घनसावंगीकडील कोरडवाहू ज्वारी करणाऱ्या बंधूंनीं दोन ओळींत ४५ व दोन ताटांत १५ सेंटिमीटर अंतर राखावें. एकरीं ४ किलोहून अधिक बियाणें टाकूं नये. विरळणी वेळेवर करावी, खतें माती तपासून द्यावीं, आणि कोळपणी करून ओल राखावी. उन्हाळ्यांत दावणीला कडबा पुरेल कीं नाहीं, हें पुष्कळ अंशीं पेरणीच्या दिवशींच ठरतें.