पलटणीतल्या पूर्वजाचा शोध : कामठीवर थांबू नये

महायुद्धात लढलेल्या आजोबा-पणजोबांची माहिती काढू पाहणाऱ्या नागपूर परिसरातील कुटुंबांचा शोध बहुधा कामठीच्या छावणीपासून सुरू होतो आणि पुष्कळदा तिथेच अडकून पडतो. ‘कामठीच्या पलटणीत होते’ एवढेच वाक्य घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाते. परंतु कामठी हे 1821 साली वसलेल्या छावणीचे नाव आहे, पलटणीचे नव्हे, आणि लष्करी दप्तर गाव वा जिल्हा पाहून नव्हे तर पलटण पाहून लावलेले असते. आज कामठीत ब्रिगेड ऑफ द गार्ड्‌स या रेजिमेंटचे केंद्र आणि तिचे रेकॉर्ड ऑफिस, म्हणजे सैनिकांच्या सेवेच्या नोंदी सांभाळणारे कार्यालय, आहे. मात्र ही रेजिमेंट 1949 साली उभी राहिली असल्याने ब्रह्मदेशात किंवा इटलीत लढलेल्या विदर्भातील शिपायाचा कागद तिच्याकडे सापडण्याची आशा जवळजवळ नसते.

महार रेजिमेंटच्या बाबतीत हा घोटाळा विशेषच होतो. पहिल्या महायुद्धाच्या काळात, 1917 साली, उभारलेली 111वी महार पलटण 1921 साली मोडण्यात आली. पुढे जुलै 1941 मध्ये व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार समितीवर नेमणूक झालेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महारांच्या स्वतंत्र पलटणीचा आग्रह धरला आणि 1 ऑक्टोबर 1941 रोजी बेळगावात आजच्या रेजिमेंटची पहिली पलटण सुरू झाली. दुसरी पलटण 1942 साली खुद्द कामठीत उभी राहून नंतर ब्रह्मदेशाच्या आघाडीवर गेली, त्यामुळे या पलटणीपुरते घरातले वाक्य अगदीच खोटे ठरत नाही. पण या रेजिमेंटचे केंद्र आता मध्य प्रदेशात सागर येथे आहे, आणि कामठीत भरती झालेल्या शिपायाची चौकशी सागरलाच करावी लागते. मराठा लाइट इन्फंट्रीचे दप्तर बेळगावी, बॉम्बे सॅपर्सचे खडकीला, तोफखान्याचे नाशिक रोडला आणि सिग्नल्सचे जबलपूरला, अशी ही वाटणी असल्याने पलटण ठरल्याशिवाय अर्ज करणे म्हणजे पत्त्याविना पत्र टाकण्यासारखे आहे.

पलटण ठरवण्याचा पुरावा बहुधा घरातच असतो आणि बहुधा घरातच नष्ट होतो. पहिल्या महायुद्धाच्या गोल पदकाच्या कडेवर शिपायाचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते, आणि सणासुदीला देवाच्या भांड्यांबरोबर चिंच व राख लावून ते पदक घासले गेले की ही अक्षरे हळूहळू बुजतात. पदक घासू नये. कडेचे छायाचित्र तिरप्या उजेडात घ्यावे. ते पदक ब्रिटिश वॉर मेडल असून चांदीऐवजी कांस्याचे असेल, तर पूर्वज लढाऊ पलटणीत नसून मजूर दलात वा तत्सम बिगरलढाऊ कामावर असण्याचा संभव मोठा असतो; कित्येक कुटुंबांना हे ऐकून वाईट वाटते, वास्तविक वाटू नये, कारण मेसोपोटेमियाच्या वाळूत तोफांना लागणारा दारूगोळा त्यांनीच वाहिला. दुसऱ्या महायुद्धाची षट्कोनी ताऱ्याची पदके आघाडी सांगतात : बर्मा स्टारची फीत गडद निळी असून मध्ये लाल आणि दोन्ही बाजूंना केशरी पट्टे असतात, तर इटली स्टारच्या फितीत लाल, पांढरा आणि हिरवा रंग असतो. ‘नेताजींबरोबर होते’ असे सांगणाऱ्या घरात ब्रिटिशांच्या बाजूने लढल्याचा बर्मा स्टार निघाला, तर त्या कथेची पुन्हा तपासणी करणेच शहाणपणाचे.

शिपायाचा क्रमांक त्या काळी पलटणीपुरताच असे, म्हणून तोच क्रमांक दुसऱ्या रेजिमेंटमधील दुसऱ्याच माणसाचा असू शकतो. रेकॉर्ड ऑफिसकडे शीट रोल मागितला जातो. त्यात भरतीची तारीख, वडिलांचे नाव, गाव, ठाणे, तहसील, उंची आणि अंगावरील खुणा असतात. परंतु युद्ध संपताच घरी पाठवलेल्या, निवृत्तिवेतनास पात्र न ठरलेल्या हजारो शिपायांचे शीट रोल सेवा संपल्यावर 25 वर्षांनी नियमानुसार नष्ट केले जातात, आणि ‘नोंद उपलब्ध नाही’ असे उत्तर आले की पूर्वज फौजेत नव्हताच असा चुकीचा निष्कर्ष काढला जातो. लाँग रोल नावाची भरतीची संक्षिप्त वही मात्र कायम जपली जाते, तेव्हा अर्जात तिचा स्पष्ट उल्लेख करून नातेसंबंधाचा पुरावा जोडणे आवश्यक ठरते.

युद्धात मरण पावलेल्यांची वाट वेगळी आहे. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्‌ज कमिशन 4 ऑगस्ट 1914 ते 31 ऑगस्ट 1921 आणि 3 सप्टेंबर 1939 ते 31 डिसेंबर 1947 या काळातील मृतांचीच नोंद ठेवते, त्यामुळे सुखरूप परतलेला शिपाई तिथे कितीही शोधला तरी सापडणार नाही. दहन झालेल्यांची कबर नसल्याने त्यांची नावे रंगूनसारख्या स्मारकांवर असतात. शोधताना आडनावावर विसंबू नये; नोंदीत बहुधा एकेरी नाव, वडिलांचे नाव आणि इंग्रजी कारकुनाने ऐकले तसे लिहिलेले गाव एवढेच मिळते. जिल्हाही जुना धरावा लागतो : 1956 पर्यंत नागपूर मुंबई राज्यात नव्हते, म्हणून कागदावर ‘सी. पी.’ हे मध्य प्रांताचे संक्षिप्त रूप दिसते, चंद्रपूर ‘चांदा’ म्हणून येते आणि आजच्या गोंदियाचा शिपाई भंडाऱ्यात नोंदलेला असतो. मध्य प्रांताच्या सरकारी कागदांसाठी नागपूरचे शासकीय अभिलेखागार पाहावे.

या सर्वांआधी करण्याजोगी एक गोष्ट राहते. दुसऱ्या महायुद्धातील माजी सैनिकांना आणि त्यांच्या विधवांना राज्य शासन जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत अर्थसाहाय्य देते, त्यामुळे आजीच्या नावे असे साहाय्य मिळत असल्यास आजोबांचा क्रमांक आणि पलटण त्या फायलीत आधीच लिहिलेली असते. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना ते कागद कोठे ठेवले आहेत हे आताच विचारून घ्यावे.