वैनगंगेचे खोरे : तलाव, धान आणि पाण्याचा वारसा

नागपूरहून पूर्वेकडे भंडाऱ्याच्या वाटेला लागले की कापसाची काळी सपाट रानेे हळूहळू मागे पडतात. बांधांनी आखलेली लहानलहान भातखाचरे दिसू लागतात. या भागात त्यांना ‘बांधी’ म्हणतात. बांधीच्या धुऱ्यावर तुरीची ओळ असते आणि थोड्या अंतरावर मातीची उंच पाळ व तिच्यामागे तलाव. ज्वारी-कापसाचा विदर्भ येथे संपतो आणि धानाचा विदर्भ सुरू होतो. त्याची जीवनरेषा म्हणजे वैनगंगा.

मध्य प्रदेशातील सिवनी जिल्ह्यात मुंडारा येथे उगम पावणारी ही नदी बरेच मोठे वळण घेऊन महाराष्ट्रात उतरते. बाघ, बावनथडी, सूर, कन्हान आणि चुलबंद या नद्यांचे पाणी पोटात घेत ती भंडारा, चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतून दक्षिणेकडे जाते. चपराळ्याजवळ तिला वर्धा नदी मिळते आणि पुढे दोघींचा एकत्र प्रवाह प्राणहिता या नावाने सिरोंच्यापाशी गोदावरीत विसर्जित होतो. प्राणहिता ही गोदावरीची सर्वांत मोठी उपनदी. त्यामुळे साकोली-लाखांदूरच्या शिवारातून वाहून गेलेले पाणी अखेरीस आंध्रच्या किनारपट्टीवरील त्रिभुज प्रदेशात पोहोचते. तेथे सर आर्थर कॉटन यांच्या देखरेखीखाली १८५२ मध्ये धवळेश्वरमचा बंधारा पूर्ण झाला आणि ते मैदान भाताचे कोठार बनले. याच नदीमार्गाने नागपूर-वऱ्हाडचा कापूस समुद्रापर्यंत नेण्याचीही योजना त्या काळी होती. गोदावरीच्या पात्रातील खडकांच्या अडथळ्यांपुढे ती टिकली नाही आणि १८७१ मध्ये सोडून देण्यात आली. समुद्रकाठच्या मैदानाला एका मोठ्या बंधाऱ्याने पाणी मिळाले. वरच्या खोऱ्याने मात्र फार आधीच वेगळी वाट काढली होती.

या खोऱ्यातील वस्ती प्राचीन आहे. पवनी येथे १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ व भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी केलेल्या उत्खननात जगन्नाथ टेकडीवर बौद्ध स्तूपाचे अवशेष मिळाले. कुही तालुक्यातील आंभोरा येथे वैनगंगा व कन्हान यांच्यासह पाच नद्यांचा संगम मानला जातो. मुकुंदराजांचा ‘विवेकसिंधु’ हा ग्रंथ शके १११० मध्ये येथेच रचला गेला, अशी विदर्भातील श्रद्धा आहे. हा मान अंबाजोगाईही सांगते आणि तो वाद विद्वानांवर सोपवलेला बरा.

तलाव कसा चालतो

येथे पाऊस सरासरी १,३०० मिलिमीटरच्या आसपास पडतो. आकडा भरघोस दिसतो, पण धानाला पाणी हवे असते ते ठरावीक वेळी. मृगात पऱ्हे टाकावे, आषाढात रोवणी करावी आणि लोंबी भरण्याच्या ऐन दिवसांत, भाद्रपद-आश्विनात, आकाश कोरडे व्हावे, हा येथील शेतकऱ्याचा जुना अनुभव. शेवटचे एक-दोन पाणी चुकले की हाती पेंढा येतो. तलावांची निर्मिती या अडचणीतून झाली.

तलाव बांधण्याचे श्रेय प्रामुख्याने कोहळी समाजाकडे जाते. चांद्याच्या गोंड राजाने त्यांना काशीकडून आणून वसवले, अशी परंपरा आहे. तलाव बांधणाऱ्याला त्याखालील जमीन मिळे, अशी त्या काळची रीत सांगितली जाते. ऊस लावण्यातही हा समाज तरबेज होता. नवेगावबांधचा विस्तीर्ण तलाव कोलू पाटील कोहळी यांनी बांधल्याचे लोक सांगतात.

या तलावांची रचना साधी, परंतु विचारपूर्वक केलेली आहे. उताराला आडवी मातीची पाळ घालायची. पाणी सोडण्यासाठी पाळीत ‘तुडूम’ बसवायचे आणि जादा पाण्यासाठी एका टोकाला ‘सलंग’ ठेवायची. वरच्या तलावाच्या सलंगेतून निघालेले पाणी पुष्कळदा खालच्या तलावात वा बोडीत जाते, म्हणजे एकाच पावसाचे पाणी दोन-तीन गावांच्या कामी येते. उन्हाळ्यात पाणी ओसरले की उघड्या पडलेल्या जमिनीवर गाळपेर होते आणि गुरे चरतात. साठलेला गाळ बांधीत टाकला जातो. पाण्यातील मासळीवर ढिवर समाजाचा निर्वाह चालतो. ज्याला आपण सिंचनाचे साधन म्हणतो ते गावाच्या दृष्टीने पाणवठा, कुरण आणि खतही होते.

इंग्रजी अमलात, १८५३ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाल्यानंतर, मालगुजारांना जमिनीचे मालकी हक्क मिळाले. तलावही त्यांच्या ताब्यात राहिले. दुरुस्ती हे मालगुजाराचे काम आणि श्रम गावाचे, अशी व्यवस्था रूढ झाली. ती न्याय्य होती असे म्हणता येणार नाही, पण पाळ फुटली तर कोणाच्या दारात जायचे हे गावाला ठाऊक होते. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांनी या धानपट्ट्याचे अतोनात हाल केले. त्यानंतरच्या काळात सरकारने घोडाझरी, असोलामेंढा, बोदलकसा, चोरखमारा यांसारखे मोठे तलाव बांधले.

मालकी गेली, निगा कोणाची?

मालगुजारी रद्द करणारा कायदा १९५० मध्ये झाला आणि १९५१ पासून अमलात आला. तलाव शासनाचे झाले. पूर्व विदर्भातील अशा सहा हजारांहून अधिक तलावांना सरकारी कागदांत ‘मामा तलाव’ असे आटोपशीर नाव मिळाले. लहान तलाव जिल्हा परिषदांकडे व मोठे पाटबंधारे खात्याकडे आले. शोषणाची एक व्यवस्था संपली ही इष्टच गोष्ट घडली. मात्र तुडूम गळू लागले तर ते दुरुस्त करणारा नेमका कोण, याचे उत्तर त्या बदलात हरवले. गाळ साचत गेला, पोटात अतिक्रमणे झाली, बेशरमाची झुडपे माजली. तलावाची मोजणी केवळ सिंचित हेक्टरांत होऊ लागल्याने मासळी, चराई व गाळ यांचा हिशेब कोणी ठेवलाच नाही.

अलीकडे गाळ काढण्याच्या योजनांतून यंत्रे तळाशी पोहोचली आहेत. काम होते, हे खरे. तथापि यंत्राने तळ सरसकट खरवडला तर माशांना आसरा व खाद्य देणाऱ्या पाणवनस्पतीही जातात, आणि तलाव खोल होऊनही मासळी घटते. गोंदिया जिल्ह्यातील अर्जुनी मोरगाव तालुक्यात ढिवर महिलांनी आधी बेशरम उपटून, मग स्थानिक पाणवनस्पती पुन्हा लावून तलाव सावरले आहेत. गावातल्या जाणत्या ढिवराला विचारल्यावाचून गाळाचे अंदाजपत्रक करू नये, इतका धडा तरी त्यातून घेता येईल.

दुसरीकडे मोठ्या धरणाची वाट आहे. पवनी तालुक्यातील गोसीखुर्द प्रकल्पाची पायाभरणी २२ एप्रिल १९८८ रोजी झाली. अडीच लाख हेक्टर सिंचनाचे उद्दिष्ट होते. २००९ मध्ये त्यास राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा मिळाला, तरी कालव्यांची कामे दशकानुदशके रेंगाळली. जलाशयाच्या पाण्यात शिवारे आणि गावठाणे गेली. नागपूरचे सांडपाणीही नाग नदीतून कन्हानमार्गे त्याच जलाशयाकडे येते. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वरच्या धरणांतून पाणी सुटले, गोसीखुर्दचे सर्व ३३ दरवाजे उघडावे लागले आणि ब्रह्मपुरी परिसरातील धान पुराखाली गेले.

या धानाच्या मुलखात संशोधन शेतकऱ्याच्या बांधीतही झाले. नागभीड तालुक्यातील नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे यांनी १९८३ मध्ये आपल्या शेतातील काही वेगळ्या लोंब्या निवडून ठेवल्या. वर्षानुवर्षे निवड करून त्यांनी बारीक दाण्याचे वाण सिद्ध केले व त्यास त्या काळच्या घड्याळावरून ‘एचएमटी’ हे नाव मिळाले. ते वाण अनेक राज्यांत पसरले. त्यांच्याकडे स्वतःची जमीन मात्र अगदी थोडी होती. २०१८ मध्ये त्यांचे निधन झाले.

रोवणीनंतर पाऊस ओढ देतो तेव्हा आजही खोऱ्यातील गावांत पहिली चौकशी होते ती तलावात किती पाणी आहे याची. कालव्याचे पाणी पोहोचलेल्या गावांत उन्हाळी धानही निघते. जेथे ते पोहोचलेले नाही, तेथे आश्विनातल्या त्या शेवटच्या पाण्यासाठी गावाला जुन्या पाळीकडेच पाहावे लागते.