परसदाराचे कुंपण : बे एरियात नव्याने आलेल्या मराठी कुटुंबांसाठी

सॅन होजे, फ्रिमाँट, सनीव्हेल या भागांत प्लॉट लहान आणि घरे एकमेकांना खेटून असतात. शेजारचे घर दुमजली असेल, तर त्यांच्या माडीवरून आपले अख्खे मागचे अंगण दिसते. घर विकत घेतलेले असो की भाड्याचे, पहिल्याच उन्हाळ्यात कुंपणाचा प्रश्न उभा राहतो. इथे बरीच वर्षे राहिलेल्या काही कुटुंबांनी आपापला अनुभव लिहून दिला. ज्यांनी जसे लिहिले तसेच ठेवले आहे. सगळ्यांचे सांगणे एका बाबतीत जुळते : खड्डा खणण्याआधी शेजाऱ्याशी बोला, आणि जे ठरेल ते लेखी ठेवा.

घरमालकांसाठी कामाचा क्रम
(फ्रिमाँट, स्वतःचे घर)

१. हद्द तपासा. जुने कुंपण हद्दीवरच आहे असे गृहीत धरू नका. शंका असेल तर परवानाधारक सर्व्हेयरकडून मोजणी करून घ्या.

२. शेजाऱ्याला लेखी कळवा. कॅलिफोर्नियात २०१४ पासून ‘गुड नेबर फेन्स ॲक्ट’ लागू आहे (सिव्हिल कोड, कलम ८४१). सामायिक कुंपणाचा फायदा दोघांना सारखाच, म्हणून खर्चही निम्मा-निम्मा, असे हा कायदा धरून चालतो. खर्चात वाटा मागायचा असेल तर काम सुरू होण्याच्या ३० दिवस आधी नोटीस द्यावी लागते. तिच्यात सहा गोष्टी हव्यात : खर्च समान धरला जातो याचा उल्लेख, कुंपणाची अडचण, तुमचा उपाय, अंदाजे खर्च, वाटणीचा प्रस्ताव आणि कामाचे वेळापत्रक. कागद देण्याआधी एकदा दारावर जाऊन बोला. थेट नोटीस हातात पडली की माणूस बिथरतो.

३. शेजारी नाही म्हणाला तर. निम्मा वाटा म्हणजे काळ्या दगडावरची रेघ नाही. आपली आर्थिक अडचण आहे, किंवा काम गरजेपेक्षा मोठे आणि केवळ तुमच्या हौसेचे आहे, असे शेजारी दाखवून देऊ शकतो. आधी मध्यस्थी करून पाहा. नाहीच जमले तर स्मॉल क्लेम्स कोर्ट आहे. तिथे व्यक्तीला १२,५०० डॉलरपर्यंत दावा करता येतो आणि वकील उभा करता येत नाही. पलीकडे शहराचे पार्क किंवा रस्ता असेल तर या कायद्याने शहराकडून वाटा मागता येत नाही.

४. उंची. राज्याच्या बिल्डिंग कोडनुसार ७ फुटांपर्यंतच्या कुंपणाला बांधकाम परवाना लागत नाही. पण शहराचे झोनिंगचे नियम वेगळे असतात आणि ते जास्त कडक असू शकतात. घरासमोर मर्यादा बरीच कमी असते, आणि कोपऱ्यावरच्या घराला गाड्यांना वळण दिसावे म्हणून आणखी अटी असतात. शहराच्या प्लॅनिंग विभागाला ईमेल करून लेखी उत्तर घ्या. केवळ शेजाऱ्याला त्रास द्यायला १० फुटांपेक्षा उंच उभारलेले कुंपण कायद्याने उपद्रव ठरते.

५. ८११. खणण्याच्या किमान दोन कामाचे दिवस आधी ८११ ला फोन करा. फोन केला तो दिवस धरायचा नाही. सेवा फुकट आहे. खणायच्या जागेवर आधी आपण पांढरी खूण करायची. मग जमिनीखालच्या लाइन कुठे आहेत ते दाखवायला त्या-त्या कंपन्या येऊन जमिनीवर रंग मारून जातात : लाल म्हणजे वीज, पिवळा गॅस, नारिंगी फोन-केबल, निळा पाणी, हिरवा सांडपाणी. तुमच्या स्प्रिंकलरचे पाइप किंवा बार्बेक्यूची गॅसलाइन ते दाखवत नाहीत.

६. कंत्राटदार. मजुरी आणि सामान मिळून १,००० डॉलर किंवा त्याहून जास्त होत असेल तर परवाना हवाच. कुंपणासाठी सी-१३ हा वर्ग असतो. कॉन्ट्रॅक्टर्स स्टेट लायसन्स बोर्डाकडे नंबर तपासून घ्या. आगाऊ रक्कम एकूण कराराच्या १० टक्के किंवा १,००० डॉलर, यांतली जी कमी असेल तेवढीच मागता येते. जास्त मागणाऱ्याला तिथूनच परत पाठवा.

लाकूड, खांब, खिळे
(सॅन होजे, स्वतःच्या हाताने कुंपण उभारलेले)

कुंपण पडते ते खांब जमिनीलगत कुजतो म्हणून. फळ्या चांगल्या दिसत असतात आणि पावसाळी वाऱ्यात एक दिवस अख्खी रांग आडवी होते. तेव्हा पैसे फळ्यांआधी खांबावर घाला.

खांब प्रेशर-ट्रीटेड घ्या आणि त्यावर ‘ग्राउंड काँटॅक्ट’ची चिठ्ठी आहे का ते पाहा. सहा फुटी कुंपणाला आठ फुटी खांब, त्यातले दोन फूट जमिनीत. खड्ड्याच्या तळाशी खडी घाला, म्हणजे पाणी मुरते. काँक्रीट जमिनीच्या थोडे वर आणून खांबापासून बाहेर उतरते करा. सपाट ठेवले तर पाणी खांबाशीच साचते. दोन खांबांतले अंतर आठ फुटांपेक्षा जास्त नको. जागा वाऱ्याची असेल तर सहा फूट बरे.

फळ्यांसाठी इथे रेडवूड रुळलेले आहे. लाल गाभ्याचे लाकूड टिकते. पिवळट-पांढरा भाग जास्त असलेली फळी स्वस्त पडते आणि लवकर कुजते. फळी मातीला टेकू देऊ नका. खाली प्रेशर-ट्रीटेड आडवी फळी लावा, तिला इथे ‘किकबोर्ड’ म्हणतात. खिळे हॉट-डिप गॅल्व्हनाइज्ड किंवा स्टेनलेसचे घ्या. साध्या लोखंडी खिळ्याचा रेडवूडमधल्या टॅनिनशी संयोग होतो आणि पहिल्या पावसानंतर प्रत्येक खिळ्याखाली काळा ओघळ दिसू लागतो. तो जाता जात नाही.

फळ्या एक आड एक दोन्ही बाजूंनी बसवल्या तर दोन्ही घरांना कुंपण सारखेच देखणे दिसते. खर्च निम्मा मागायचा असेल तर चांगली बाजू फक्त आपल्याकडे ठेवू नये.

एचओएशी झालेली झटापट
(डब्लिन, टाउनहाऊस)

आमचे मागचे कुंपण हिवाळ्यातल्या वादळात पडले. लहान मूल, मागे रहदारीची वाट. आम्ही लगेच सोसायटीच्या (एचओए, म्हणजे होमओनर्स असोसिएशनच्या) व्यवस्थापन कंपनीला कळवले, अर्ज भरला, नकाशा जोडला, शेजाऱ्याची सही घेतली. अर्ज परत आला : रंगाचा नमुना हवा. नमुना दिला. पुन्हा परत : कमिटीची बैठक पुढच्या महिन्यात. दरम्यान त्याच कार्यालयातून दुसरे पत्र आले की तुमचे कुंपण पडलेले आहे, दुरुस्त करा, नाहीतर दंड. परवानगी नाही म्हणून बांधायचे नाही, आणि बांधले नाही म्हणून दंड भरायचा! फोन केला तर प्रत्येक वेळी नवा माणूस, नव्याने सगळी कहाणी. या सगळ्यात मुलाला महिनोन्‌महिने अंगणात एकटे सोडता आले नाही, याचा संताप अजून गेलेला नाही.

सुटका झाली ती कायदा वाचल्यावर. कॅलिफोर्नियाच्या डेव्हिस-स्टर्लिंग कायद्यानुसार अशा अर्जावरचा निर्णय लेखी हवा, तो वाजवी वेळेत आणि सद्‌हेतूने घेतलेला हवा. नकार असेल तर कारण द्यावे लागते आणि बोर्डाकडे फेरविचार कसा मागायचा तेही सांगावे लागते. दंडाआधी सुनावणीची किमान १० दिवसांची लेखी सूचना लागते. समोरासमोर बसून वाद मिटवण्याची मागणी सभासद करू शकतो आणि त्यासाठी फी घेता येत नाही. ही कलमे घालून पत्र लिहिले, तेव्हा हालचाल झाली. फोनवर विसंबू नका. प्रत्येक गोष्ट ईमेलने, तारखेसह.

भाडेकरूंसाठी
(सनीव्हेल, भाड्याचे घर)

घरात राहायला जाल त्या दिवशी कुंपणाचे सर्व बाजूंनी फोटो काढून लँडलॉर्डला ईमेल करा. घर सोडल्यावर २१ दिवसांत डिपॉझिट किंवा कपातीचा तपशील त्याने द्यायचा असतो. कुजलेला खांब तुमच्या माथी येऊ नये. शेजाऱ्याची कुंपणाची नोटीस तुमच्या दारी आली तर सही करू नका, पैसे देऊ नका. तसाच कागद लँडलॉर्डकडे पाठवा.

जमिनीत खड्डा नको, कुंपणाला खिळा नको. चाकांच्या मोठ्या कुंड्यांत जाळी उभी करा. एप्रिल-मेमध्ये घेवडा, कारली, दोडका लावला की जुलैपासून हिरवी भिंत तयार होते आणि भाजीही मिळते. एक-दोन कुटुंबांच्या घरात भाडेकरूला आपल्या खाजगी अंगणात हलवता येण्याजोग्या कुंड्यांत खाण्याजोगी झाडे लावायला कायदा मुभा देतो (सिव्हिल कोड १९४०.१०). कुंड्या कुठे ठेवायच्या ते आधी विचारून घ्या. कपडे वाळत घालायची दोरी किंवा स्टँडही लँडलॉर्डच्या संमतीने ठेवता येतो (१९४०.२०). पसरणारा बांबू जमिनीत लावूच नका. त्याची मुळे कुंपणाखालून शेजारी निघतात.

कुंपणाच्या आतले घर
(सांता क्लारा, एक आजी)

मुलांनो, कुंपण जरूर घाला. सकाळी तुळशीला पाणी घालताना, कुरडया घालताना, गौरी-गणपतीत पाहुण्यांची पंगत बसली असताना कोणी टक लावून पाहू नये, एवढे आपल्याला हवेच. पण माझे मत स्पष्ट आहे : आडोसा मिळाला म्हणजे शेजारी संपला असे नव्हे. गावाकडे बांधावरून भाऊ-भाऊ कोर्टात गेलेले आपण पाहिले आहेत. ते इथे आणू नका.

तुळशीचे लग्न असेल, आरती मोठ्याने होणार असेल, तर आदल्या दिवशी दोन्ही बाजूंच्या घरी सांगून या. फराळाचे ताट द्या, पण सुक्यामेव्याचे वावडे आहे का ते आधी विचारा. टबात शाडूच्या मूर्तीचे विसर्जन केले तर पाणी झाडांना घाला. रस्त्याच्या गटारात ओतू नका, ते पाणी शुद्ध न होता थेट खाडीत जाते.

आणि अंगणात मुलांशी मराठीतच बोला. पलीकडे ऐकू जाईल म्हणून इंग्रजीत हाका मारणारी घरे मी पाहिली आहेत. त्या घरांतली मुले आज आजीशी बोलू शकत नाहीत. भाषा लपवायची गोष्ट नाही.

राहिलेले थोडक्यात

पूल : स्विमिंग पूलच्या सुरक्षेसाठी घातलेले कुंपण किमान ६० इंच उंच हवे. जमिनीपासून फट २ इंचांपेक्षा जास्त नको. फाटक आपोआप मिटणारे, पुलापासून बाहेर उघडणारे हवे, आणि कडी ६० इंचांवर.

आग : डोंगराकडच्या भागात लाकडी कुंपण थेट घराच्या भिंतीला जोडू नका. घरालगतचे शेवटचे ५ फूट धातूचे करा.

विमा : घरमालकाच्या पॉलिसीत कुंपण बहुधा ‘अदर स्ट्रक्चर्स’ या सदरात येते. मात्र कुजून पडलेल्याची भरपाई मिळत नाही. भाडेकरूच्या पॉलिसीत त्याचे स्वतःचे सामान येते, कुंपण नाही. वादळात कुंपण पडले तर फळ्या हलवण्याआधी फोटो काढा, आणि विमा कंपनीला व शेजाऱ्याला त्याच दिवशी लेखी कळवा.